गॅझेटियरमधलं बंड आणि गडकऱ्यांची जमीन

मंडळी, मालवणात इतिहासाचा विषय निघाला की आपण समोरच्या सिंधुदुर्गाकडे बोट दाखवतो. आज जरा समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीकडे पाहू. शिवापूरजवळच्या मनोहर-मनसंतोषगडावर 1844-45 साली इंग्रजांविरुद्ध लढाई झाली. ती आपण कुणाच्या नजरेनं वाचतो, हा आजचा प्रश्न आहे.

आपला नेहमीचा आधार म्हणजे 1880 सालचा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड. त्याच्याशिवाय आपलं चालत नाही, हे आधी कबूल करू. पण ते पुस्तक राज्यकारभारासाठी लिहिलेलं आहे. कारणं त्यात येतात, पण 'शांतता कशी भंगली आणि पुन्हा कशी बसवली' या हिशेबातच येतात. आपण मराठीत लिहिताना तोच साचा उचलतो.

मूळ भांडण कशाचं होतं? गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करणारी माणसं. त्याच्या मोबदल्यात त्यांना इनाम जमिनी होत्या. कोल्हापुरात इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडितांच्या हाती कारभार दिला आणि गडकरी मामलेदारांच्या ताब्यात जाऊ लागले. जमीन जाणार, या धास्तीनं 1844 च्या जुलैत सामानगडानं दरवाजे लावून घेतले. सावंतवाडीचा कारभार तर 1838 पासूनच इंग्रजांकडे होता. तिथे फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांचे मुलगे उठले, गादीचे वारस अण्णासाहेबही त्यांना मिळाले. जानेवारी 1845 मध्ये औट्रमच्या फौजेपुढे मनोहरगड पडला आणि उरलेले गोव्यात गेले.

दहाच वर्षांनी, 1854 च्या अखेरीस, ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला सोन्याच्या खाणीवरच्या कामगारांनी त्याच साम्राज्याविरुद्ध लाकडी कोट उभारला. सोनं सापडो न सापडो, परवान्याचे पैसे भरावेच लागत. 3 डिसेंबरला सकाळी कोट पडला, माणसं मेली. पण राजद्रोहाच्या खटल्यात 13 जण ज्युरीपुढे उभे राहिले आणि सुटले. पुढाकार घेणारा पीटर लेलर 1855 मध्ये विधिमंडळात गेला. त्यांची बाजू दप्तरात नोंदली गेली, म्हणून आज तिला लोकशाहीची पहाट म्हणतात. अर्थात हाही साचाच. त्याच 1855 साली व्हिक्टोरिया वसाहतीनं येणाऱ्या चिनी माणसांवर डोई 10 पौंड कर बसवला, ते या पहाटेत बसत नाही.

गडकऱ्यांना अशी ज्युरी मिळाली नाही. त्यांचं म्हणणं बहुतेक त्यांना हरवणाऱ्यांच्या कागदांतूनच आपल्यापर्यंत आलं. म्हणून आपण एक तर त्यांना 'बंडवाले' म्हणतो, नाहीतर घाईनं 'स्वातंत्र्यसैनिक' करून टाकतो. आमच्या मते दोन्हींत जमिनीचा प्रश्न हरवतो. ते आपल्या हक्कासाठी लढले. तेवढंच म्हटलं तरी ते लहान होत नाहीत.

तेव्हा एकच विनंती. कुणाच्या माळ्यावर इनामाचे मोडी कागद असतील, तर वाळवी लागण्याआधी, रद्दीत जाण्याआधी, मोडी वाचणाऱ्याला दाखवा. गॅझेटियरला उत्तर द्यायचं तर आधी तेच वाचावे लागतील.