टिकाऊपणाचा भार कोणाच्या डोक्यावर? : मुंबईच्या डबेवाल्यांवरील व्यवस्थापन-संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना :

शाश्वत पुरवठा साखळी व्यवस्थापन हा विषय गेल्या तीन दशकांत व्यवस्थापनशास्त्राच्या केंद्रस्थानी आला आहे. कच्चा माल, उत्पादन, साठवण, वाहतूक व वितरण या साखळीतील प्रत्येक टप्पा नफ्याबरोबरच निसर्ग आणि माणूस यांच्या हिताचा विचार करूनच आखला पाहिजे, ही या विषयामागील मूळ भूमिका होय. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने शाश्वत विकासाची संकल्पना जगापुढे मांडली. पुढे १९९० च्या दशकात जॉन एल्किंग्टन यांनी आर्थिक, पर्यावरणीय व सामाजिक अशा त्रिविध ताळेबंदाची कल्पना रूढ केली. पुरवठा साखळीच्या अभ्यासकांनी ही चौकट स्वीकारली, हे उचितच झाले.

या विषयावरील आपल्याकडील लेखनात मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण हमखास आढळते. मराठी माणसाला या उदाहरणाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, अभिमान आणि पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. डबेवाल्यांची व्यवस्था 'शाश्वत' आहे असे म्हणताना संशोधनाने नेमके काय मोजले आणि काय मोजलेच नाही, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. डबेवाल्यांचे कर्तृत्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. उलट, त्यांच्याविषयी लिहिले जाणारे संशोधन त्यांच्या कष्टांना न्याय देत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्यवस्थेचे स्वरूप :

या व्यवसायाचा आरंभ १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी केला असे मानले जाते. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील तालुक्यांमधून आलेल्या मंडळींनी हा व्यवसाय वाढविला. सकाळी घरोघरीचे डबे गोळा करून ते सायकलने जवळच्या स्थानकावर आणले जातात. तेथे झाकणावरील रंगीत अक्षरे, अंक व खुणा पाहून त्यांची वर्गवारी होते. लोकलच्या मालडब्यातून ते शहराच्या दुसऱ्या टोकास जातात, तेथे पुन्हा वर्गवारी होते आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत प्रत्येक डबा आपल्या धन्यापर्यंत पोहोचतो. रिकामा डबा त्याच वाटेने परत येतो. मुकादमाच्या देखरेखीखाली गट काम करतो आणि गटातील उत्पन्न सभासदांत वाटून घेतले जाते. थोडक्यात, येथे कोणी कोणाचा नोकर नाही. सर्व भागीदार आहेत.

पुन्हा पुन्हा वापरता येणारा धातूचा डबा, सायकल, हातगाडी, पायी चालणे आणि आधीच धावत असलेली विजेवरील लोकल यांवर ही व्यवस्था उभी आहे. टाकाऊ वेष्टन जवळजवळ नाही, स्वतःची इंधनावर चालणारी वाहने नाहीत. पर्यावरणाच्या दृष्टीने ही व्यवस्था अनुकरणीय आहे, हे प्रथमदर्शनीच मान्य करावे लागते.

एका आकड्याची कथा :

डबेवाल्यांविषयीच्या बहुतेक निबंधांचा आरंभ एका आकड्याने होतो. कोणी साठ लाख डब्यांमागे एक चूक असे लिहितो, कोणी ऐंशी लाखांमागे, तर कोणी एक कोटी साठ लाखांमागे. त्यापुढे 'फोर्ब्सने दिलेले सिक्स सिग्मा प्रमाणपत्र' असा उल्लेख येतो. या आकड्याचा उगम शोधला असता तो १९९८ साली 'फोर्ब्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तलेखापर्यंत जातो. चूक किती वेळा होते असे विचारले असता संघटनेच्या तत्कालीन अध्यक्षांनी, जवळजवळ कधीच नाही, फार तर दोन महिन्यांतून एखादी, अशा आशयाचे उत्तर दिले होते. त्या उत्तरावरून पत्रकाराने गुणाकार केला आणि तो गुणाकार पुढे 'संशोधन' म्हणून मान्यता पावला.

हा गुणाकार आपणही करून पाहू शकतो. दोन महिन्यांत कामाचे साधारण ५० दिवस धरले आणि दररोज १ लाख ३० हजार डबे धरले, तर केवळ जाण्याचा प्रवास हिशेबात घेतल्यास ६५ लाखांमागे एक चूक येते. परतीचा प्रवासही धरल्यास हाच आकडा १ कोटी ३० लाख होतो. डबे २ लाख धरले, तर तो २ कोटींवर जातो. म्हणजे एकाच वाक्यातून, गृहीतक बदलताच, तिप्पट फरकाचे निष्कर्ष निघतात. ज्या आकड्याला नोंदवहीचा आधार नाही, त्याची अवस्था अशीच व्हावयाची.

सिक्स सिग्मा ही १९८० च्या दशकात मोटोरोला कंपनीत विकसित झालेली गुणवत्तेची पद्धत आहे. तिच्या प्रचलित निकषानुसार दहा लाख संधींमागे ३.४ पेक्षा अधिक दोष असू नयेत. परंतु त्यासाठी 'दोष' कशास म्हणावयाचे आणि 'संधी' किती, हे आधी निश्चित करावे लागते. डबा उशिरा पोहोचला, सांडला, हरवला, की केवळ दुसऱ्याकडे गेला तरच दोष? एक डबा तीन-चार हातांतून जात असेल तर संधी एक की चार? या प्रश्नांची उत्तरे प्रचलित लेखनात आढळत नाहीत. शिवाय 'फोर्ब्स' हे नियतकालिक आहे, गुणवत्तेचे प्रमाणपत्र देणारी संस्था नव्हे, ही साधी बाबही नजरेआड केली जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दररोज जाण्या-येण्याचे मिळून २ लाख ६० हजार व्यवहार धरले, तर ३.४ च्या निकषानुसार दिवसाला सुमारे ०.९, म्हणजे दोन महिन्यांत सुमारे ४४ चुका झाल्या तरी ती व्यवस्था सिक्स सिग्माच्या पातळीवरच राहते. तेव्हा डबेवाल्यांच्या गौरवासाठी जवळजवळ अशक्यप्राय अचूकतेची गरज नव्हती. प्रामाणिकपणे नोंदविलेला, याहून कितीतरी मोठा आकडादेखील त्यांना भूषणावहच ठरला असता. २०१३ च्या 'द लंचबॉक्स' या चित्रपटात डबा चुकीच्या माणसाकडे जात असल्याची तक्रार डबेवाल्याला मान्यच होत नाही, कारण हार्वर्डच्या लोकांनी आपल्याला वाखाणले आहे अशी त्याची समजूत असते. हा प्रसंग काल्पनिक असला तरी त्यातील मर्म संशोधकांनी ध्यानात घ्यावे असे आहे. स्तुतीचा आकडा एकदा स्थिर झाला की त्याविरुद्धचा पुरावा ऐकूच येईनासा होतो.

गुणवत्तेकडून शाश्वततेकडे :

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये या व्यवस्थेवर अध्ययन-प्रकरण लिहिले आणि २०१२ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त लेख प्रसिद्ध केला. संघटन, व्यवस्थापन, प्रक्रिया आणि संस्कृती या चार आधारस्तंभांवर त्यांनी या व्यवस्थेचे यश स्पष्ट केले. साधी माणसे असामान्य सेवा कशी देऊ शकतात, हा त्यांचा प्रश्न होता. तो सेवागुणवत्तेचा प्रश्न होता, शाश्वततेचा नव्हे. नंतरच्या अनेक निबंधकारांनी मात्र तीच माहिती उचलून तिच्यावर 'शाश्वत लॉजिस्टिक्स' हे नवे शीर्षक चिकटविले. शीर्षक बदलले, मोजमाप बदलले नाही.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. सॉयरिंग आणि म्युलर या जर्मन अभ्यासकांनी २००८ मध्ये १९९४ ते २००७ या काळातील १९१ शोधनिबंधांचा आढावा घेतला. या क्षेत्रातील लेखनावर पर्यावरणीय प्रश्नांचे वर्चस्व असून सामाजिक बाजू आणि तिन्ही बाजूंचा एकत्रित विचार तुलनेने दुर्मीळ आहे, असे त्यांना आढळले. ही सामाजिक बाजू डबेवाल्यांच्या बाबतीत तपासली असता कोणते प्रश्न उभे राहतात, ते आता पाहू.

जे मोजले गेले नाही :

पहिला प्रश्न भाराचा. लाकडी चौकटीत ३५ डबे रचले आणि प्रत्येक भरल्या डब्याचे वजन दीड ते दोन किलो धरले, तर डोक्यावरचे ओझे चौकटीशिवायच ५२ ते ७० किलो होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या आपल्या १२८ क्रमांकाच्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहावयाच्या भारासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली आहे. गर्दीचा फलाट, जिने आणि घड्याळाचा काटा यांच्यामध्ये हे ओझे वाहिले जाते. ज्या वाहतुकीत इंधन जळत नाही, त्या वाहतुकीत कोणाची तरी मान, कंबर व गुडघे झिजत असतात. कर्बउत्सर्जनाच्या रकान्यात शून्य लिहिताना या झिजेचा रकाना कोरा ठेवणे हा त्रिविध ताळेबंद नव्हे, तो एकतृतीयांश ताळेबंद होय.

दुसरा प्रश्न जोखमीचा. सर्व सभासद भागीदार आहेत, या गोष्टीची व्यवस्थापनशास्त्र प्रशंसा करते आणि ती योग्यही आहे. परंतु भागीदार असल्यामुळेच मालक-कामगार नात्यावर उभारलेली संरक्षणे त्यांना सहजासहजी लागू पडत नाहीत. नफा वाटून घेतला जातो त्याप्रमाणे तोटाही वाटून घ्यावा लागतो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि कार्यालयेही ओस पडली, तेव्हा याचा प्रत्यय आला. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस निघालेल्या राज्य शासनाच्या आदेशाने डबेवाल्यांना क्यूआर कोडच्या आधारे लोकलने प्रवास करण्याची मुभा दिली. तोवर सहा महिने लोटले होते. अनेकांनी गावची वाट धरली आणि घरून काम करण्याची पद्धत रुळल्यामुळे पुढेही पूर्वीइतके ग्राहक परतले नाहीत. सव्वाशे वर्षे टिकलेली व्यवस्था अचूकतेअभावी नव्हे, तर आधाराअभावी डळमळली. शाश्वततेवरील ज्या संशोधनाने या शक्यतेचा आधी विचारही केला नव्हता, त्याने स्वतःच्या व्याख्या पुन्हा तपासावयास हव्यात.

तिसरा प्रश्न साखळीच्या सीमेचा. प्रचलित आकृत्यांमध्ये साखळीचा आरंभ घराच्या दारापासून होतो. वास्तविक डबा दारात येण्यापूर्वी स्वयंपाकघरात कोणीतरी पहाटेपासून राबलेले असते आणि बहुधा ती व्यक्ती घरातील स्त्री असते. डबेवाल्याच्या वेळापत्रकाने तिचेही वेळापत्रक ठरविलेले असते. पुरवठादार हा साखळीचा पहिला दुवा, असे पाठ्यपुस्तक सांगते. येथे मात्र तो दुवा विनामोल असल्यामुळे अदृश्य राहतो. दुसऱ्या बाजूला सार्वजनिक खर्चातून उभी राहिलेली रेल्वेही गृहीत धरली जाते. लोकल नसेल तर ही व्यवस्था कितपत अनुकरणीय ठरेल, हा प्रश्न इतर शहरांना तिची शिफारस करण्यापूर्वी विचारला पाहिजे.

चौथा मुद्दा वेगळ्या स्वरूपाचा आहे. गावच्या यात्रांसाठी डबेवाले दरवर्षी काही दिवस एकत्रित सुटी घेतात आणि सेवा बंद राहते. पुरवठा साखळीच्या परिभाषेत यास 'खंड' म्हणतात व तो दोष मानला जातो. वस्तुतः हा खंडच या व्यवस्थेच्या टिकण्याचे एक कारण असू शकेल. गावाशी, कुलदैवताशी आणि परस्परांशी असलेले नाते त्या दिवसांत नव्याने बांधले जाते आणि ग्राहकही ते समजून घेतात. माणसाला विसावा देणारी साखळी अधिक काळ टिकते काय, हा खऱ्या अर्थाने शाश्वततेचा प्रश्न आहे. तो विचारण्याचे साहित्य आपल्याजवळ आहे, दृष्टी मात्र उसनी आहे.

काही सूचना :

केवळ दोषदर्शन करून थांबणे उचित नाही. या विषयावर पुढील स्वरूपाचे संशोधन करणे शक्य आहे. एक, काही गटांच्या संमतीने तीन महिने चुकांची नोंदवही ठेवावी आणि उशीर, सांडणे, हरवणे व अदलाबदल यांची स्वतंत्र नोंद करावी. दोन, दररोज वाहिलेला भार, अंतर आणि जिने मोजून निवृत्त व कार्यरत डबेवाल्यांच्या शारीरिक तक्रारींशी त्यांचा संबंध तपासावा. तीन, सायकलदुरुस्ती, पास, आजारपण आणि सुटीचे दिवस वजा जाता हाती पडणारे निव्वळ उत्पन्न काढावे. चार, पुढील पिढी या व्यवसायात येते काय, येत नसल्यास का, याची कुटुंबनिहाय माहिती घ्यावी.

यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. राजगुरुनगर, मंचर, जुन्नर, वडगाव या परिसरातील महाविद्यालयांच्या वर्गांत डबेवाल्यांची मुले-नातवंडे बसतात. वाणिज्य, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांनी मिळून हे काम हाती घेतले, तर बहुविद्याशाखीय संशोधन या शब्दास अर्थ प्राप्त होईल. हार्वर्डचा दाखला देणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःच्या आजोबांना किती ओझे वाहत होता, असे एकदा विचारले, तरी त्याच्या प्रबंधात आजवर नसलेली माहिती येईल.

निष्कर्ष :

डबेवाल्यांची व्यवस्था पर्यावरणाच्या दृष्टीने काटकसरीची, संघटनेच्या दृष्टीने शिस्तबद्ध आणि ग्राहकाच्या दृष्टीने विश्वासार्ह आहे, याविषयी दुमत नाही. परंतु तिला 'शाश्वत' म्हणण्यासाठी आवश्यक असलेले सामाजिक मोजमाप अद्याप पुरेसे झालेले नाही आणि तिच्या अचूकतेचा सर्वश्रुत आकडा संशोधनातून नव्हे, तर एका मुलाखतीतील उत्तरावर केलेल्या गुणाकारातून आलेला आहे. जी व्यवस्था निसर्गाची झीज टाळते पण माणसाची झीज हिशेबात धरत नाही, तिचा टिकाऊपणा उसनवारीचा असतो आणि ही उसनवारी फेडावी लागते ती ओझे वाहणाऱ्यालाच. हे ऋण मोजणे, ही या विषयाच्या अभ्यासकांची पहिली जबाबदारी आहे. ते मोजले गेल्यावर डबेवाल्यांविषयीचा आपला आदर कमी होणार नाही; तो अधिक सजग होईल एवढेच.