नचिकेताचा पहिला वर

कठोपनिषदातील नचिकेताच्या कथेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा तिसऱ्या वराकडे वेधले जाते. मृत्यूनंतर काय, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न असल्यामुळे तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु यमाने तीन वर देऊ केल्यावर नचिकेत प्रथम जे मागतो ते अगदी घरगुती आहे: पित्याचा क्रोध शमावा, आणि आपण परतल्यावर त्याने आपल्याला ओळखून आपल्याशी बोलावे. कुंवर नारायण यांच्या दोन हिंदी काव्यांतील नाते समजून घ्यावयाचे तर या पहिल्या वरापासूनच आरंभ केला पाहिजे.

कुंवर नारायण (१९२७–२०१७) जन्माने फैजाबादचे. लखनौ विद्यापीठातून १९५१ साली इंग्रजी साहित्य घेऊन ते एम. ए. झाले आणि पुढे कित्येक दशके लखनौलाच राहिले. ‘आत्मजयी’ १९६५ साली प्रसिद्ध झाले, ‘वाजश्रवा के बहाने’ २००८ साली. पहिल्या काव्यात पित्याच्या यज्ञातील पोकळपणा पाहून अस्वस्थ झालेल्या मुलाचा पक्ष आहे. दुसऱ्यात पित्याचे मन उलगडते. चाळिशीही न गाठलेल्या कवीने मांडलेला वाद ऐंशीच्या घरात पोचलेल्या त्याच कवीने दुसऱ्या बाजूने पुन्हा ऐकला, असे म्हणता येईल. मात्र हा पक्षबदल नव्हे. ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकात दुरावलेल्या पित्याची व्यथा मुलांवरील फिर्यादीचे रूप घेते. येथे पिता फिर्यादी नाही, तो स्वतःला तपासतो आहे.

नव्या काव्याच्या शीर्षकापाशीच मराठी अनुवादक अडखळेल. हिंदीतील ‘के बहाने’ म्हणजे ‘निमित्ताने’. मराठीत मात्र ‘बहाणा’ शब्दाला लबाडीचा वास आहे. ‘निमित्त’ हाच शब्द योग्य, यात शंका नाही. तरीही प्रत्येक पिता मुलाशी मनातले बोलण्यासाठी काहीतरी बहाणा शोधत असतो, ही छटा त्यात हरवते. वाजश्रवा या नावाची शांकरभाष्यातील फोडही अर्थपूर्ण आहे: वाज म्हणजे अन्न, आणि अन्नदानाने ज्याची कीर्ती झाली तो. अशा पित्याचा पुत्र यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहतो.

या कथेकडे आज पुन्हा वळण्याचे कारण उघड आहे. लखनौत काय किंवा पुण्यात काय, मुलगा दाराआड मोबाइलच्या उजेडात बसला आहे आणि जेवणाचे ताट दाराबाहेर निवत आहे, हे दृश्य परिचयाचे झाले आहे. दोष यंत्राला देऊन आईबाप मोकळे होतात. परंतु सैतो तामाकी या जपानी मानसोपचारतज्ज्ञाने ‘हिकिकोमोरी’ ही संज्ञा आपल्या पुस्तकाने सर्वतोमुखी केली ती १९९८ साली, खिशात मावणारा पडदा घरोघरी पोचण्यापूर्वी. पडदा हे विजनवासाचे ठिकाण असेल, त्या वासाला बळही देत असेल. पण त्याचे मूळ कारण तोच, असे सरसकट म्हणता येणार नाही.

उपनिषदातील क्रम येथे उपयोगी पडतो. दूध आटलेल्या गाई दानात जाताना पाहून मुलगा विचारतो, मला कोणाला देणार? उत्तर येत नाही. तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारतो, तेव्हा पिता संतापून त्याला मृत्यूच्या हवाली करतो. म्हणजे अबोला प्रथम पित्याचा होता. मुलगा विचारून थकल्यावर निघून गेला. उपाशी अतिथीची क्षमा मागण्याचे सौजन्य पुढे यमाने दाखवले.

कुंवर नारायणांच्या या दुसऱ्या काव्याला मर्यादाही आहेत. त्यातील चिंतनाचा स्वर इतका सौम्य आहे की घरातील कलहाची धग वाचकापर्यंत पुरती पोचत नाही. मुळातील कथेप्रमाणे येथेही आईच्या मनाचा ठाव मिळत नाही. तरी या काव्याचे श्रेय मोठे आहे. परतणारा मुलगा गेला तसाच परत येत नाही, आणि म्हणून पित्यालाही पूर्वीचा राहून त्याला ओळखता येणार नाही, याची जाणीव ते देते. मुलाने मागितलेला पहिला वर यमाने दिला खरा. तो पुरा करण्याचे काम मात्र घरी थांबलेल्या पित्याचे आहे.