चिठ्ठी खिशात ठेवा, पुन्हा विचारू नका

मंडळी, आज ज्या शोधनिबंधावर आम्हाला बोलायचं आहे तो 2017 सालचा. पेंगफेई वांग, येन्स क्रिंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 'यूझनिक्स सिक्युरिटी' परिषदेत मांडला. विषय 'डबल फेच', म्हणजे कर्नेलनं वापरकर्त्याच्या मेमरीतली एकच गोष्ट दोनदा वाचणं. निबंध चांगला आहे, मेहनतीचा आहे. तरी आमची त्याबद्दल एक तक्रार आहे, आणि ती उपायांच्या भागाविषयी आहे.

आधी भानगड काय ते समजून घेऊ. आपण वर्ध्यात बसलो आहोत, तर कापसाचंच घ्या. हिंगणघाटच्या यार्डात गाडी लागते, बोली होते, भाव ठरतो. मग गाडी जिनिंगमध्ये जाऊन खाली होते. शेतकऱ्याच्या खिशात भावाची चिठ्ठी असेल तर चिंता नाही. पण हिशेबाच्या वेळी तो पुन्हा समोरच्यालाच विचारायला लागला, "काय हो, भाव किती ठरला होता?", तर? कापूस केव्हाच खाली झालेला असतो. इथे कर्नेल हा शेतकरी आहे, हे ध्यानात ठेवा. प्रोग्रामनं दिलेल्या पत्त्यावरचा आकडा तो वाचतो, तपासतो, आणि थोड्या वेळानं तोच आकडा त्याच पत्त्यावरून परत वाचतो. मधल्या फटीत त्याच प्रोग्रामचा दुसरा थ्रेड, दुसऱ्या कोअरवरून, आकडा बदलू शकतो. फट अगदी बारीक असते, खरं आहे. पण हल्ला करणाऱ्याला एकदाच जमायला हवं, आणि प्रयत्न तो लाखो वेळा करू शकतो.

खरं उदाहरण लिनक्सचंच आहे, सीव्हीई-2016-6516. दोन फाइलींमधला सारखा मजकूर डिस्कवर एकदाच ठेवायची विनंती करणारा एक आयओसीटीएल आहे. त्याला दिली जाणारी रचना अशी: सुरुवातीला 24 बाइटांचं शीर्षक, त्यात 'पुढे किती नोंदी आहेत' हा आकडा, आणि मग प्रत्येकी 32 बाइटांच्या नोंदी. कर्नेल पहिल्यांदा फक्त तो आकडा वाचत असे. समजा तो 1 आला. 24 अधिक 32, म्हणजे 56 बाइटांची जागा घेतली. मग शीर्षकासकट सगळी रचना पुन्हा उचलून त्या जागेत आणली. आता आतला आकडा 100 झाला असेल तर? पुढचा कोड या दुसऱ्या आकड्यावर विश्वास ठेवून 100 नोंदींमध्ये लिहीत सुटतो, आणि जागा तर एकाच नोंदीची. कर्नेलच्या हीपमध्ये शेजाऱ्याच्या घरात लिखाण सुरू! दुरुस्ती किती मोठी असेल? एका ओळीची. पहिल्यांदा वाचलेला आकडा नव्या प्रतीवर परत लिहून टाकायचा, बस्स.

हा कोड तपासणाऱ्यांच्या नजरेतून निसटला, यात त्यांचा आळस आहे असं आम्हाला वाटत नाही. पहिलं वाचन बरोबर होतं, दुसरंही बरोबर होतं. चूक दोघांच्या मधे होती, आणि तिथे ओळच लिहिलेली नसते.

आता निबंध. त्याचं मोठं काम म्हणजे त्यानं 'दोनदा वाचणं' आणि 'दोनदा वाचल्यामुळे बिघडणं' या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. लिनक्समध्ये अशी 90 ठिकाणं सापडली, बहुतेक निरुपद्रवी. दोनदा का वाचलं जातं याचेही तीन प्रकार सांगितले: प्रकार ओळखण्यासाठी, आकार तपासण्यासाठी, आणि आतल्या पॉइंटरमागचा डेटा आणण्यासाठी. ही विभागणी आजही शिकवण्यासारखी आहे.

मग येतात उपाय. शीर्षक दोनदा उचलू नका, तोच आकडा वापरा, दुसरी प्रत पहिल्यानं पुसून लिहा, दोन्ही प्रती ताडून बघा, वगैरे. यापैकी ताडून बघण्याचा उपाय लेखकांनी आपोआप कोडमध्ये घालण्याची सोय केली. आमचं बोट इथे आहे. ताडून बघितल्यानं भोक बुजतं, ते नाकारत नाही. पण दुसरं वाचन तसंच राहतं, वर एक तपासणी वाढते, आणि उद्या कुणी 'हे कशाला' म्हणून ती काढली की भोक परत उघडतं. शेतकऱ्यानं चिठ्ठी खिशात ठेवून भाव पुन्हा विचारायचा आणि मग दोन्ही जुळतात का बघायचं, हा कुठला व्यवहार?

हे सगळे उपाय एका पंगतीत बसवले आहेत, ही खरी तक्रार. आमच्या मते प्रश्न त्याआधीचा आहे. आकार मेमरीत लिहून का द्यायचा? 2019 मध्ये लिनक्स 5.4 मध्ये 'कॉपी_स्ट्रक्ट_फ्रॉम_यूजर' हे फंक्शन आलं. 'ओपनअॅट2', 'क्लोन3' यांसारख्या कॉलमध्ये रचनेचा आकार वेगळा पॅरामीटर म्हणून येतो, म्हणजे रजिस्टरमधून. कॉल झाल्यावर दुसऱ्या थ्रेडला तिथे हात घालता येत नाही. हीच ती चिठ्ठी! अर्थात रचनेच्या आत मोजणीचे आकडे असतील तर जुनी काळजी आहेच, आणि जुने शेकडो आयओसीटीएल कुणी मोडीत काढणार नाही. 2018 मध्ये 'डेडलाइन' नावाच्या साधनानं लिनक्समध्ये आणखी 23 नवे बग दाखवले, ते अशाच जुन्या घरांत.

प्रश्नोत्तरांकडे जाण्याआधी एकच. कोणी म्हणेल, आम्ही तर कोडमध्ये एकदाच वाचलंय. 2015 मध्ये झेन हायपरव्हायजरच्या बाबतीत असं निघालं की मूळ कोडमध्ये वाचन एकदाच होतं, कंपाइलरनं सोयीसाठी त्याची दोन करून ठेवली होती. व्हेरिएबलमध्ये घेतलं म्हणजे प्रत झाली, असं कंपाइलर मानतच नाही. म्हणून दोन पक्षांत थेट वाटून घेतलेली मेमरी असेल तिथे 'रीड_वन्स' लिहावं लागतं. विद्यार्थ्यांनी घरी गेल्यावर असा एखादा छोटा कोड ऑप्टिमायझेशन लावून कंपाइल करावा आणि असेम्ब्ली उघडून बघावी. किती वेळा वाचलंय ते तिथेच दिसेल.