गिझरवरचे तारे नेमके काय मोजतात?

विजेचा साठवणीचा गिझर विकत घेताना दुकानदार पहिले बोट ठेवतो ते ताऱ्यांच्या पट्टीवर. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने (बीईई) ठरवलेली ही पट्टी खोटे बोलत नाही. पण ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते: टाकीतले पाणी सभोवतालापेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवले, तर २४ तासांत किती युनिट उष्णता बाहेर निसटते? म्हणजे ती मोजते टाकीचे आवरण. आपल्याकडे बहुतेक घरांत गिझर आंघोळीआधी अर्धा तास लावतात आणि मग बंद करतात. ही गळती दिवसाला अर्धा युनिट आहे असे समजले, तरी अर्ध्या तासात ती युनिटाच्या शंभराव्या भागाएवढीच होते. ज्या घरी गिझर दिवसभर चालू राहतो, तिथे मात्र तारे जरूर पाहावेत.

आमचा खरा आक्षेप पुढे आहे. विजेचा गिझर जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम असतो, असे जाहिरातीत म्हणतात, आणि भिंतीवरच्या बटणापासून मोजले तर ते खरेही आहे. पण वीज बटणात तयार होत नाही. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ६०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ०.७ युनिट लागते. कोळशावरच्या केंद्रात इंधनातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. म्हणजे चंद्रपूर किंवा कोराडीला सुमारे १८०० किलोकॅलरींचा कोळसा जळतो. तेच पाणी ८० टक्के कार्यक्षमतेच्या गॅस गिझरवर तापवले, तर ७५० किलोकॅलरी, म्हणजे ६८ ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये असे दोनशेहून अधिक वेळा पाणी तापेल. सिलिंडरची किंमत आणि वीजबिलातला दर घालून खर्चाचे गणित आठवीच्या मुलांकडून सहज करून घेता येईल.

मग गॅसच घ्यावा का? इथे आकडे अपुरे पडतात. दारे-खिडक्या बंद असलेल्या न्हाणीघरात ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध पडतो आणि दार आतून बंद असते. असे मृत्यू झाले आहेत. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवायला हवा. जागा नसेल तर तो स्वस्त आहे हा हिशेबच करू नये. (जुन्या तांब्याच्या बंबाचा धूर निदान डोळ्यांना झोंबून इशारा तरी देई.)

स्वतःची गच्ची आणि हाताशी पैसा असेल, तर आपल्या उन्हात सौर बंबाला तोड नाही. मात्र सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर गरम पाणी येईपर्यंत नळातून किती बादल्या गार पाणी वाहून जाते, हेही मोजावे. हवेतली उष्णता ओढून घेणारा उष्णतापंप एका युनिटात सुमारे तीन युनिटांची उष्णता देतो आणि वीजकेंद्रातली तूट जवळपास भरून काढतो. पण त्याची किंमत अजून सामान्य घराला झेपणारी नाही.