व्हॉल्व्हची जवारी

हेडफोनवर गाणे ऐकणाऱ्या चोखंदळ रसिकांत एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे : ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा चांगला की ट्रान्झिस्टरचा? व्हॉल्व्हवाल्यांचा आवडता शब्द ‘ऊब’. आपल्याकडे त्याला तंबोऱ्याचा दाखला जोडतात. व्हॉल्व्ह मूळ सुरात त्याचे वरचे स्वयंभू स्वर मिसळतो, जवारीही तेच करते. म्हणून आपल्या संगीताला व्हॉल्व्हच हवा. युक्तिवाद देखणा आहे, पण मला तो पटत नाही.

मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून त्याला अगदी हलका उतार देतो. वर तारेखाली सुती दोरा सरकवला, की तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते आणि खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तारेला ज्या बिंदूवर छेडले असता एखादा स्वयंभू स्वर उमटू नये असा भौतिकशास्त्राचा नियम, तिथेच छेडूनही तंबोऱ्यात तो उमटतो, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले. (त्याच साली आमच्या मुळशीत धरणाविरुद्धचा सत्याग्रह सुरू झाला. ते पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते, वीज मुंबईला जाते. इथे वीज गेली की माझे व्हॉल्व्ह थंड.)

पण जवारी एकेका तारेपुरती असते. व्हॉल्व्हमधून गायक, तंबोरा, तबला सारे एकत्र जाते. षड्ज 240 कंपनांचा आणि कोमल रिषभ 256 चा धरू. व्हॉल्व्ह त्यांच्या दुपटी निर्माण करतो, 480 आणि 512. हे तार सप्तकातले तेच स्वर, तक्रार नाही. मात्र तो दोघांची बेरीजही करतो : 496. हा सूर तार षड्ज आणि तार कोमल रिषभ यांच्या बरोबर मध्ये पडतो, रागात कुठेच नसतो. मूळ सूर सारख्या जोराचे असतील, तर गणिताने ही बेरीज प्रत्येक दुपटीच्या दुप्पट जोरकस निघते. चांगल्या संचात हे प्रमाण अल्प असते, हे खरे. तरी तिला जवारी म्हणणे हा मिरजेच्या कारागिरावर अन्याय आहे.

शिवाय पुष्कळशी ऊब व्हॉल्व्हची नसतेच. अशा अनेक ॲम्प्लिफायरना आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो आणि त्यांचा अंतर्गत रोध मोठा असतो. समजा, 100 ओहम. सेनहायझरचा एचडी 600 हेडफोन नावाला 300 ओहमचा, पण खर्जाकडे त्याचा रोध 500 च्या वर चढतो. मधल्या सुरांना विद्युतदाबाचा 75 टक्के वाटा मिळतो, खर्जाला 83 टक्के. म्हणजे डग्गा जवळजवळ एक डेसिबलने पुढे येतो. मी ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला दोन्ही बाजूंस 100 ओहमचा एकेक रेझिस्टर डाकला. किंमत चहाच्या कपाहून कमी. डग्ग्याला तीच गोलाई आली. 32 ओहमच्या हेडफोनला मात्र हा उपाय करू नये; तीन चतुर्थांश दाब रेझिस्टरच खातो.

ट्रान्झिस्टरची बदनामी अगदीच निराधार नव्हती. सुरुवातीचे अनेक संच हळू आवाजात खरखरीत वाजत, आणि हेडफोन तर हळूच ऐकायचा. आजच्या चांगल्या संचात तो दोष उरलेला नाही.

मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1930 च्या दशकातल्या तबकड्या मायक्रोफोनवर मुद्रित झाल्या, म्हणजे व्हॉल्व्हमधूनच. ट्रान्झिस्टरचा जन्म 1947 च्या डिसेंबरातला. त्यांच्यावर आणखी एक व्हॉल्व्ह चढवायचे मला कारण दिसत नाही. त्या मी ट्रान्झिस्टरवर ऐकतो. व्हॉल्व्हचा संच एकट्या सारंगीसाठी ठेवला आहे, तोही पावसाळ्यात, वीज असेल त्या रात्री.