‘शुद्ध’ लागलेला करार

करारनामे कुणी रसिकतेने वाचत नाही. पण १ जुलै १९५३ रोजी पॅरिसमध्ये सह्यांसाठी खुला झालेला, सर्न ही युरोपची सामायिक प्रयोगशाळा स्थापणारा करार आपण सावकाश वाचावा आणि त्याच्या दुसऱ्या कलमापाशी थोडे रेंगाळावे. अणुकेंद्राच्या संशोधनात राष्ट्रांनी एकमेकांना साथ द्यावी, असे सांगताना हे कलम त्या संशोधनाला दोन विशेषणे लावते: शुद्ध आणि मूलभूत. हिरोशिमाला आठ वर्षेही पुरी झाली नव्हती. अणूचे नाव काढताच राख आठवावी अशा त्या दिवसांत, त्याच नावाशेजारी ‘शुद्ध’ हा शब्द बसवायला केवढे धैर्य लागले असेल! नेमक्या जागी शुद्ध गंधार लागावा आणि सारी मैफल स्थिर व्हावी, तसा तो इथे लागतो. लगेच पुढे येते ते वाक्य मला सर्वांत प्रिय आहे: लष्करी गरजांशी या संस्थेला कर्तव्य नाही, आणि संशोधनातून जे हाती येईल ते प्रसिद्ध होईल, सर्वांना मिळेल. एका दाराला कायमची कडी, दुसरे दार सताड उघडे, आणि दोन्ही एकाच वाक्यात! ‘मूलभूत’ तर आपल्या घरचाच शब्द. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तो १९४५ पासून नावातच मिरवला, आणि तिथले शास्त्रज्ञ पुढे सर्नच्या सीएमएस प्रयोगात सहभागी झाले.

आता बारा संस्थापक राष्ट्रांची यादी पाहू. इंग्रजी यादीत फ्रान्स, जर्मनी, ग्रीस ही नावे लागोपाठ येतात. बारांपैकी सात देशांनी दशकभरापूर्वीच जर्मन फौजांचा ताबा सोसलेला. तरी वर्णक्रमाने त्यांना मुकाट्याने एका पंगतीला बसवले आहे. त्या साध्या यादीत मला युरोपचा सुटकेचा निःश्वास ऐकू येतो.

आणि ते नाव! ‘सर्न’मधले पहिले अक्षर फ्रेंचमधल्या ‘परिषदे’चे. १९५२ सालची ती परिषद तात्पुरतीच होती. १९५४ मध्ये ती विसर्जित झाली, संस्थेला भारदस्त नवे नाव मिळाले, पण घरात हाकेचे नाव चालू राहावे तसे जुनेच नाव सर्वांच्या तोंडी राहिले.

प्रयोगशाळा जिथे उभी राहणार होती, त्या जिनिव्हा परगण्यातल्या मतदारांनी जून १९५३ मध्येच तिच्या बाजूने कौल दिला होता: १६,५३९ विरुद्ध ७,३३२. करार अमलात आला तो २९ सप्टेंबर १९५४ रोजी. जिनिव्हाजवळच्या मेरँच्या जमिनीत पहिली कुदळ मात्र १७ मेलाच पडली होती.