'रोमिओ अँड ज्युलिएट': उतावळे प्रेम, निवड आणि नियती

शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' या शोकात्म नाटकाविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांमध्ये फिरत राहते. प्रास्ताविकातील ग्रहताऱ्यांचा उल्लेख प्रमाण मानणारे नायक-नायिकेला नियतीचे बळी ठरवितात. अ‍ॅरिस्टॉटलची प्रमादाची संकल्पना लावून पाहणारे त्यांच्या वयसुलभ उतावळेपणावर बोट ठेवतात. घाई केली ती फक्त या दोघांनीच, हे मात्र दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले असते. नाटकाची संहिता या गृहीतकाला दुजोरा देत नाही.

या नाटकाचा मुख्य आधार म्हणजे आर्थर ब्रुक याचे १५६२ मधील दीर्घ काव्य. त्यात कथानक कित्येक महिने चालते आणि नायिका सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहे. शेक्सपिअरने तिचे वय चौदाच्याही आत आणले आणि सारा घटनाक्रम रविवार ते गुरुवार इतक्या अवधीत कोंबला. ब्रुकने वाचकांस उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत वडीलधाऱ्यांचा सल्ला धुडकावणाऱ्या प्रेमिकांवर ठपका ठेवला आहे. शेक्सपिअरने ही प्रस्तावना टाळली, एवढेच नव्हे तर घाईचा दोष वडीलधाऱ्यांच्या पदरातही टाकला.

ज्युलिएट अविचारी आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. सज्जाच्या प्रवेशात हे वचन फार अचानक दिले जात असल्याची जाणीव तीच बोलून दाखविते, आणि तरीही विवाहाचा प्रस्ताव तीच मांडते. तिची ही निवड डोळस आहे. उलट, सावकाशीचा उपदेश करणारा धर्मगुरू लॉरेन्स दोन घराण्यांचे वैर मिटेल या आशेने त्याच सोमवारी दोघांचा विवाह लावून मोकळा होतो.

मात्र सर्वांत घातक घाई कॅप्युलेटची आहे. आरंभी मुलगी लहान असल्याने दोन वर्षे थांबा, असे पॅरिसला सांगणारा हा पिता टिबाल्टच्या मृत्यूनंतर गुरुवारचा मुहूर्त धरतो. मंगळवारी ज्युलिएटने वरकरणी होकार देताच तो विवाह बुधवारी सकाळीच उरकायचे ठरवितो. गुरुवार पुरेसा आहे, असे पत्नी सुचविते. पण तो ऐकत नाही. ज्युलिएटला औषध एक रात्र आधीच प्यावे लागते आणि मांटुआला निरोप पोहोचविण्यासाठी हाती असलेला एक दिवस जातो. प्लेगच्या संशयावरून निरोप्या धर्मगुरू कोंडला जातो, हा योगायोग खराच. तो एवढा प्राणघातक ठरावा इतकी कमी सवड मात्र माणसांनीच ठेवलेली होती.

रोमिओची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. कॅप्युलेटच्या मेजवानीस जाण्यापूर्वी त्याला अशुभाची चाहूल लागते, तरी तो जातो. टिबाल्टला मारल्यावर तो स्वतःला दैवाच्या हातचे खेळणे म्हणवितो. तलवार त्याने स्वतःच उपसलेली असते. बाल्थझर ज्युलिएटच्या मृत्यूची वार्ता आणतो, तेव्हा रोमिओ धर्मगुरूचे पत्र आले आहे का, असे दोनदा विचारतो. नाही म्हटल्यावर त्याचे काही नाही, म्हणून विषय संपवितो. ग्रहताऱ्यांना आव्हान देऊन तो विष विकत घेतो आणि त्यांचेच भाकीत पूर्ण करतो. नियती व निवड यांची सीमारेषा या छोट्याशा संवादात जितकी पुसट होते, तितकी नाटकात अन्यत्र क्वचितच होत असेल.

अखेरच्या प्रवेशात राजा सर्वांना, स्वतःलाही, शिक्षा झाल्याचे मान्य करतो. सक्तीच्या विवाहाचा उल्लेख धर्मगुरू आपल्या निवेदनात करतो. दोन्ही पिते एकमेकांच्या अपत्याचा सुवर्णपुतळा उभारण्याचे आश्वासन देतात. गुरुवारचा बुधवार कोणी केला, हे मात्र कोणीही विचारत नाही, आणि कॅप्युलेटही सांगत नाही.